डोंगरावरच्या शाळेस भेट

“बाई, एवढं कारण टाका आणि कागद वर पाठवून द्या,” म्हणत पीए साहेबांनी मंत्र्यांच्या दौऱ्याचा कच्चा कागद टेबलावर ठेवला. “नेहमीचंच. शाळा.”

बाईंनी कागद पुढे ओढला. उन्हाळ्याचे आठ दिवस, डोंगरावरचं थंड हवेचं गाव, विमान, पुढे तीन गाड्या. बरोबर मंत्र्यांच्या पत्नी, दोन्ही मुलगे, सुना आणि यंदा नातवंडंसुद्धा. ‘प्रवासाचे कारण’ हा रकाना तेवढा कोरा होता.

सगळं कार्यालय त्यांना कारणबाई म्हणायचं. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की कारणबाई. त्यांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. टाइप करायला बोटं काय, कुणाचीही भराभर चालतात, कारण सुचायला डोकं लागतं! मेहुण्याचं लग्न निघालं की त्याच गावात पाणीपुरवठ्याचा आढावा निघायचा. सामना बघायचा झाला की क्रीडा धोरणावर चर्चा व्हायची. कारण असलं की प्रवास सरकारी, नसलं की स्वतःच्या खिशातून. आणि मंत्र्यांच्या खिशावर तशी वेळ बाईंनी कधी येऊ दिली नव्हती. मंत्र्यांची खाती चार वेळा बदलली, पण डोंगरावरचे आठ दिवस काही बदलले नाहीत.

त्या डोंगराला पहिल्यांदा कारण द्यायचं होतं, त्याला आता पंधरा वर्षं झाली. “असं काहीतरी लिहा बाई, की कुणी वर तोंड करून विचारणार नाही,” पीए म्हणाले होते. बाईंनी फार विचारही केला नव्हता. बोटांनी आपोआप लिहिलं, ‘कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेस भेट.’

आता हेच कसं सुचलं म्हणाल, तर घरात धाकटी होती. बाईंची पाठची बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडिलांनी तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली, पण शाळा म्हणून मिळाली नाही. मग ती घरीच वाढली, ओटा आणि खिडकी यांच्यामध्ये. दोघी बहिणींनी हातांची आपली अशी एक भाषा बनवली आणि ती भाषा बोलणारी माणसं जगात दोनच राहिली. बाईंनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, “मी गेले तर घरात बोलेल कोण?”

तर त्या संध्याकाळी बाईंनी धाकटीला हातांनी सांगितलं, डोंगरावर एक शाळा आहे. तुझ्यासारख्या मुलांची. आणि खोटं बोलतोय असं त्यांना वाटलंच नाही. खाली मंत्र्यांची सही होती, शिक्का होता. असला कागद खोटा कसा असेल?

धाकटी विचारायला लागली. तास संपला हे मुलांना कसं कळतं? बाई म्हणाल्या, भिंतीवर पिवळा दिवा आहे, तो तीनदा लुकलुकतो. मूल पाठमोरं असेल तर? बाईंनी जरा विचार करून सांगितलं, वर्गात सगळी लाकडी जमीन आहे. शिक्षिका हलकेच पाय आपटते, तो मुलांच्या तळव्यांना कळतो. दरवर्षी दौरा निघाला की शाळा वाढायची. एका उन्हाळ्यात अंगणात झोपाळा आला, एका उन्हाळ्यात तळं. धुकं इतकं दाट उतरायचं, की मुलांना एकमेकांचे हात दिसायचे नाहीत. मग सगळी हातात हात देऊन गोल बसायची आणि तळव्यावर बोलायची. हे धुक्याचं धाकटीनंच सुचवलं होतं. ती खिडकीशी बसून डोळे मिटायची आणि तिची बोटं मांडीवर हळूहळू हलत राहायची. बाई भाजी चिरता चिरता बघायच्या. त्यांना कळायचं, ही आता शाळेत आहे.

आताही बाईंनी सवयीनं कळफलकावर बोटं ठेवली, तोच शिपाई दारात आला.

“बाई, कुणीतरी आलंय. बरोबर लहान मुलगी आहे. साहेबांच्या शाळेचा पत्ता मागतायत.”

“कुठली शाळा?”

“ती हो, डोंगरावरची. पेपरात मंत्र्यांच्या दौऱ्यांची यादी आलीये म्हणे. कात्रण घेऊन आल्यात.”

त्याच्या मागून मुलीचा हात धरून तिची आई आत आलीच. कपडे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. तीन बस बदलून आली होती. पिशवीतून तिनं अर्ज काढला, त्याच्या कोपऱ्यात मुलीचा फोटो चिकटवलेला होता. “मॅडम, साहेब दरवर्षी त्या शाळेत जातात ना? मग त्यांचा शब्द मोडणार नाहीत ते लोक. हिला सहा पूर्ण झाली. ऐकू येत नाही, पण हुशार आहे हो फार.”

पीए साहेबांनी बाईंना डोळ्यांनीच खिडकीशी बोलावलं. “सांगा, यंदाचे प्रवेश संपले. दोन वर्षांनी या म्हणावं.”

“आणि दोन वर्षांनी?”

“दोन वर्षांनी कोण कुठे असेल! तुम्ही तर पाच महिन्यांत सुटलात. पेन्शनचे कागद माझ्याच टेबलावर आहेत ना?” ते अगदी हसत म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता. चहा मागवला की दोघांचा मागवायचा.

बाई वळल्या. वाक्य जिभेवर तयार होतं. यंदाचे प्रवेश संपले. तीन शब्द, त्यांनी याहून कठीण कारणं चहा पिता पिता दिली होती.

तेवढ्यात कोपऱ्यातला प्रिंटर सुरू झाला. मुलगी त्याच्याजवळच उभी होती. तिनं आपला तळहात त्याच्या पाठीवर ठेवला, थोडा वेळ तशीच राहिली आणि एकदम हसली. धाकटीही अशीच हसायची. घरी टाइपरायटर होता तेव्हा ती त्याच्यावर हात ठेवायची आणि बाई कामाचे कागद संपल्यावरसुद्धा उगीचच काहीबाही टाइप करत राहायच्या.

“तिथे फरशी पुसेन मी,” आई म्हणत होती. “भांडी घासेन. पण हिला घ्या म्हणावं.”

“शाळा नाहीये,” बाई म्हणाल्या.

“भरली का?”

“भरली नाही हो. नाहीच आहे. कधीच नव्हती. मी लिहिली ती.”

“तुम्ही लिहिली? कशासाठी?”

“साहेबांना घरच्यांना घेऊन हवापालटाला जायचं असतं. सरकारी प्रवासाला कारण लागतं. म्हणून.”

पीए साहेबांनी फाइल उघडून तोंडासमोर धरली. आई बाईंकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

“महिना झाला, मी हिला हातांनी डोंगर करून दाखवतेय,” ती म्हणाली. “आता तो कसा पुसू?”

तिनं मुलीचा हात धरला आणि निघून गेली. जाताना मुलीनं दारातून दोन्ही हातांचं टोक करून बाईंना डोंगर दाखवला. अर्ज टेबलावरच राहिला.

“अहो, तुम्हाला वेड-बिड लागलंय का?” पीए म्हणाले. बाईंनी अर्ज उचलून पर्समध्ये ठेवला.

संध्याकाळी घराचं दार उघडताच धाकटीनं बोटांचं छप्पर केलं. शाळा? उन्हाळा आला होता, म्हणजे शाळेची बातमी असणार. बाई चपला न काढताच खुर्चीवर बसल्या. मग तळहातावर फुंकर मारली. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ, नाही.

धाकटीला वाटलं, यंदाचा दौरा नाही. बाईंनी मान हलवली, छप्पर केलं आणि त्याच्यावर फुंकर मारली.

धाकटीनं बोटं तीनदा उघडमीट केली. दिवा?

नाही.

तिनं पाय हलकेच आपटला. लाकडी जमीन?

नाही.

झोपाळा? तळं? ती एकेक विचारत गेली आणि बाई फुंकर मारत गेल्या. शेवटी धाकटीनं बाईंचा हात ओढून घेतला आणि त्याच्या तळव्यावर बोट टेकवलं. धुकं? ते तर तिचं स्वतःचं होतं. बाईंना फुंकर मारवेना. त्यांनी पन्नाशी उलटलेल्या बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पोटभर रडून घेतलं. धाकटी त्यांची पाठ थोपटत राहिली, पण तिची नजर खिडकीबाहेर होती.

बऱ्याच वेळानं बाईंनी पर्समधून अर्ज काढला आणि घडलेलं सगळं सांगितलं. धाकटीला वाचता येत नव्हतं. ती फोटोच बघत राहिली. मग तिनं विचारलं, हिला हात येतात?

बाईंनी दोन्ही हातांचं टोक केलं. फक्त डोंगर.

एवढंच? धाकटीच्या चेहऱ्यावर शुद्ध नाराजी होती. एवढ्या मोठ्या मुलीला एकच शब्द! ती उठली, पलंगाखालची पिशवी ओढून काढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावरून वर पाठवायच्या ट्रेमध्ये दोन कागद गेले. पहिला दौऱ्याचा. त्यातला रकाना कोराच होता.

दुसरा त्यांच्या स्वतःच्या रजेचा. दिवस आठ. ठिकाणाच्या जागी अर्जावरचा पत्ता. कारणाशी येऊन मात्र बोटं अडली. एवढा जन्म लोकांची कारणं सुचवण्यात गेला आणि स्वतःची वेळ आली तेव्हा काय लिहावं ते कळेना. मग त्यांनी एकच शब्द टाइप केला, ‘खासगी’.

“हे दोन्ही परत येणार बघा,” पीए म्हणाले.

“येऊ देत. पण मी निघाले,” म्हणत बाईंनी संगणक बंद केला.

कार्यालयाच्या फाटकाशी बाकावर धाकटी बसली होती. केस चापूनचोपून विंचरलेले, पाय जुळवून ठेवलेले, पिशवी दप्तरासारखी मांडीवर घट्ट धरलेली. बाई दिसताच ती उठून उभी राहिली.