मुराळ्याची गाडी

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरची लेक माहेरी यायलाच हवी, हे खानदेशात कोणी कोणाला समजावून सांगत नाही. अंगणातल्या लिंबाला झोका बांधायचा तो तिच्यासाठी, आणि तिला आणायला सासरी जो जातो तो मुराळी. बोदवडच्या जीवराम नानांची एकुलती एक कामिनी गेल्या उन्हाळ्यात धुळ्याला दिलेली. लग्नानंतरची ही तिची पहिली अखाजी, त्यात तिला दिवस गेलेले. मुराळी म्हणून जायची नानांना इतकी घाई झाली होती, की चैत्र सरायच्या आतच ते गाडीखाली शिरले.

गाडी जुनी, पांढरी, आणि नानांखेरीज दुसऱ्या कोणाचा हात न लागलेली. नानांचा सगळा जन्म दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर म्हणून गेला. तिथे यंत्र अडलं की आधी नानांच्या क्वार्टरचं दार वाजायचं. निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा केळीची बाग धाकट्या भावाच्या हातात रुळलेली होती. त्याला नानांची मदत लागत नव्हती, सल्ला तर त्याहून नको होता. हाताला काम म्हणून उरली ती ही गाडी. ऑइल, ब्रेक, पट्टा, सगळं घरच्या घरी. आपला हात जगन्नाथ, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. गाडी खाटेवर मावत नाही म्हणून अंगणात राहते, असं कुंदाबाई सांगत. नवरा रिकाम्या हाताने बसला की कसा कोमेजतो हे त्या माउलीने पाहिलेलं होतं, म्हणून ओट्यावरचे काळे ठसे ती मुकाट्याने पुसायची.

अशात धुळ्याहून विहीणबाईंचा फोन आला. मंजुळाबाई मनाने मोकळ्या आणि बोलायला रोखठोक; व्याह्यांना त्या अहिराणीत 'इवाई' म्हणत.

"इवाई, तुम्ही या, कामिनीले आनंदमा धाडस. पन सून दोन जिवांनी शे. घरी खोलेल गाडी चालाव नही. आधी गॅरेजवाल्याले दाखाडा. नहीते भूषण आमनी गाडीमा तिले आनी सोडी."

त्यांचंही चूक नव्हतं. त्यांच्या यजमानांनाही पान्हा हातात घेण्याचा असाच नाद होता, आणि त्या नादापायी एकदा साक्रीच्या रस्त्यावर भर उन्हात मंजुळाबाई बंद गाडीशेजारी दुपारभर बसल्या होत्या. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकूनच पिणार.

पण नानांना ते फार लागलं. मुराळी जायचा आणि लेक मात्र जावयाच्या, भूषणच्या, गाडीतून यायची, मग मुराळ्याने जायचं तरी कशाला? आणि गाडी गॅरेजला द्यायची म्हणजे ज्या हातांनी भलीमोठी यंत्रं फिरती ठेवली, ते हात आता लेकीपुरतेही भरवशाचे राहिले नाहीत, असं आपल्याच तोंडाने कबूल करायचं. त्या रात्री नाना नीट जेवले नाहीत.

सकाळी त्यांनी तोड काढली. सगळं काम आपणच करायचं, दुप्पट काळजीने करायचं, आणि धुळ्याला सांगायचं की गॅरेजला दाखवली.

"खोटं बोलसान?" कुंदाबाईंनी विचारलं.

"गाडी ठीक असली म्हंजे झालं. कोनी केली ते कोन पाहू राह्यलं?"

कुंदाबाई पुन्हा कढईकडे वळल्या. त्या सांजोऱ्यांचा रवा भाजत होत्या, आणि रवा करपला असता.

अखाजीच्या आदल्या दिवशी, उद्या पहाटे निघायचं म्हणून, नानांनी जुनं ऑइल काढलं, गाडीखालच्या ऑइलच्या चेंबरचा नट पुन्हा बसवला आणि आवळला. मग कामिनी डोळ्यांपुढे आली, म्हणून आणखी आवळला. वीज केंद्रात मांडीएवढाले नट असत, पान्ह्यावर घण मारल्याशिवाय ते बसत नसत. तो हिशेब नानांच्या दंडात इतका मुरलेला, की घरी घण नव्हता तर त्यांनी पान्ह्यात हातभर लोखंडी पाइप घातला आणि अंगचं सगळं बळ लावलं. नट आधी कुरकुरला, मग एकदम हलका झाला आणि नुसताच फिरायला लागला. आटे गेले होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नाना बराच वेळ गाडीखाली उताणे पडून राहिले. आता ऑइल ओतलं तर खालून सगळं वाहून जाणार, आणि ऑइलशिवाय इंजिन सुरू करायची सोय नाही.

"काय झालं?" कुंदाबाईंनी वाकून विचारलं.

"योगेंद्रकडे न्या लागते," नाना म्हणाले. एवढं वाक्य उच्चारायला त्यांना नट आवळण्यापेक्षा जास्त जोर लागला.

योगेंद्रचं गॅरेज रस्त्याच्या टोकाला. तिथवर गाडी ढकलत न्यावी लागली, आणि तीही नेमकी लिंबाखाली अखाजीचे पत्ते रंगलेले असताना. डाव टाकून चार जण उठले. ढकलणं कमी, बोलणं जास्त.

"नाना," शेजारचा झुलाल म्हणाला, "धुळ्यापावत असंच न्यायचं असन तं भाकरी बांधून घेतो."

नानांनी स्टिअरिंग गॅरेजकडे वळवलं.

योगेंद्रच्या बहिणीही उद्या यायच्या होत्या, गॅरेज आवरून लवकर घरी जायचं त्याच्या मनात होतं. तरी त्याने गाडी घेतली. बॅटरीचा उजेड टाकून खाली पाहिलं आणि नुसतं विचारलं, "पाइप लावला व्हता का, नाना?"

"लावला व्हता."

"मोठा नट घालून नवे आटे पाडून देतो. ठिपका पडनार नाई." तो बाहेर आला, हात पुसत थांबला. "तेवढंच करू, का सगळी पाहू?"

इथे नानांचं घोडं अडलं. तेवढंच कर म्हटलं असतं तर अब्रूचा नट तरी शाबूत राहिला असता. गाडी गॅरेजला नेली हेही आता खोटं राहिलं नव्हतं, विहीणबाईंना ताठ मानेने सांगता आलं असतं. पण केंद्रातला एक रिवाज आठवला. तिथे ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नसे. कितीही जुना फिटर असो, दुसऱ्याने हात फिरवून बरं म्हटलं की मगच यंत्र सुरू व्हायचं. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. नाना स्वतः कितीतरी जणांची कामं तपासत, आणि आपलं काम दुसऱ्यापुढे ठेवून बाजूला उभे राहत. गाडीच्या बाबतीतच कोण जाणे कधीपासून, करणाराही तेच आणि बरं म्हणणाराही तेच झाले होते.

"सगळी पाह्य," नाना म्हणाले. "लेक बसनार हाये."

योगेंद्रने नाना प्लास्टिकच्या खुर्चीत बसावेत म्हणून चहा मागवला. नाना बसले नाहीत, पण मध्ये बोललेही नाहीत, आणि ओळखीच्या माणसाला यातली मोठी गोष्ट कोणती ते कळलं असतं. योगेंद्र एकेक पाहत गेला. ब्रेक स्वच्छ होते, पट्टा नवा, पाणी बरोबर. नानांची मान हळूहळू वर येऊ लागली होती. तेवढ्यात त्याने गाडीसोबत येतो तो छोटा पान्हा नानांच्या हातात दिला.

"चाकाचा एक नट खोला बरं."

नानांनी जोर लावला. नट ढिम्म. दोन्ही हात लावले, मग पाय देऊन पाहिला. घाम फुटला, पण नट काही हलला नाही.

"पाइप घरी हाये," नाना म्हणाले.

"हाये ना. आन् गाडी एरंडोलच्या पुढे पंक्चर झाली तं?"

योगेंद्र एवढंच बोलला, आणि नानांनी पान्हा खाली ठेवला. वैशाखातलं ऊन, रस्त्याकडेची बाभूळ, तिच्या विरळ सावलीत पोटुशी कामिनी, आणि स्वतःच आवळलेल्या नटापुढे हात टेकलेला तिचा बाप, सगळं त्यांना समोर दिसलं. मंजुळाबाई साक्रीच्या रस्त्यावर कशा बसल्या असतील तेही दिसलं, आणि इतके दिवस मनात धरलेला राग तिथेच उतरला.

"चुकलं माझं," नाना म्हणाले. "जीव लावता लावता जोर जास्त झाला."

योगेंद्रने लांब दांड्याच्या पान्ह्याने चारही चाकांचे नट सैल केले, मग बाजूला झाला. "आता तुमीच आवळा. या छोट्या पान्ह्यानंच." नाना उकिडवे बसले आणि एकेक नट आवळत गेले. हाताला थांबावंसं वाटे त्याच्या कितीतरी आधी योगेंद्र म्हणे, "बस, नाना." शेवटच्या चाकाला त्याला बोलावं लागलं नाही. त्याने नुसता नटावर हात फिरवला आणि मान हलवली. निवृत्तीनंतर आपल्या कामावर कोणी अशी मान हलवल्याचं नानांना आठवेना. त्यांना अगदी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत नाना धुळ्याच्या अंगणात उभे होते. पाणी, चहा झाला. कामिनीची पिशवी दाराशी तयार होती, पण मंजुळाबाई आधी गाडीपाशी आल्या.

"दाखाडी का गॅरेजले?"

"दाखवली," नाना म्हणाले. तेवढ्यावर भागलं असतं. पण पुढचं सांगायची आता त्यांना लाज वाटत नव्हती. "काम मीच केलं, विहीणबाई. त्यानं तपासलं. दोन ठिकानी माझं चुकलं व्हतं, ते नीट करून घेतलं."

मंजुळाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग त्या हसल्या.

"मंग बिनघोर जा. मना घरमा बी तेच शे, इवाई. इतली वरीस झायात मी रांधस, पन मीठ कामिनीले चाखाले लावस. ती बरं म्हने तवय भाजी खाले उतरस."

 सासरी लेकीच्या शब्दाला किंमत आहे का, ही जी गोष्ट कुंदाबाई आणि नाना गेलं वर्षभर फोनवर आडून आडून विचारत होते, आणि कामिनी हसून "बरं आहे" म्हणत टाळत होती, तिचं उत्तर विहीणबाईंनी न विचारताच दिलं होतं. नानांनी पिशवी उचलून डिकीत ठेवली, लेकीसाठी दार उघडून धरलं आणि ती बसल्यावर हलकेच लावलं.