इटालियन पिक्चर आणि साठ वडे

आमच्या ग्लेन वेव्हर्लीच्या फिल्म क्लबची मीच संस्थापक, मीच वक्त्री आणि खरं सांगायचं तर मीच हुकूमशहा. महिन्यातून एका रविवारी दुपारी आमच्या घरी पिक्चर, सोबत पॉटलक. कोणी काय आणायचं ते मी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवते. इथे परदेशात वीस वर्षं मुरलेल्यांनी चिप्स, ज्यूस, पेपर प्लेट्स. नव्याने आलेल्यांनी रांधायचं. हा नियम कोणी केला, माहीत नाही. मी या देशात नवी होते तेव्हा दुसऱ्यांच्या घरी मीही सामोसे तळले होते आणि तोंडातून ब्र काढला नव्हता.

सध्याची नवी म्हणजे निहारिका. पुण्याहून आलेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्रेगीबर्नला राहणारी आयटीतली मुलगी, पिक्चरची भयंकर वेडी. तासभर गाडी चालवून यायची आणि आमच्या स्वयंपाकघरात गरमागरम काहीतरी तळत राहायची. लागोपाठ तीन पिक्चर तिचे असे तेलात गेले. या वेळी तिने आदल्या दिवशी फोनच केला.

"ताई, उद्याचा इटालियन मला पूर्ण बघायचाय हं."

"अगं, बघ की! नो वरीज," मी म्हणाले, आणि तिच्या नावापुढे साठ वडे लिहिले.

रविवारी मी भलत्याच जोरात होते. अर्ध्यावर पिक्चर थांबवून भाषण सुरू केलं. पडद्यावर समोर श्रीमंतांची मेजवानी, मागे अर्धवट उघड्या दारातून भांडी घासणारी मोलकरीण.

"हे इटालियन दिग्दर्शक गरिबीवर भाषण देत नाहीत," मी भाषण देत म्हणाले. "दोन माणसं एका चौकटीत ठेवतात. कोण कुठे बसलंय, काय खातंय, एवढंच दाखवतात. बाकीचं आपण समजायचं. बरं, सांगा, या मेजवानीत मोलकरीण कोणाला दिसतेय?"

सोफ्यावर आमचा जुना मेंबर यतीन कुरुमकुरुम चिप्स चावत होता.

"कोणालाच नाही, ताई," मागून आवाज आला. निहारिका झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "त्यांची दाराकडे पाठ आहे ना."

तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच उत्तर द्यायचं होतं. पण आम्ही बाराजण एकदम मागे वळलो. माझा नवरा निमिष हातातला वडा खाऊ की ठेवू करत राहिला. मला इतकी लाज वाटली की आधी रागच आला. ही यादी कोणी केली, असं ओरडणार होते. पण केली होती मीच.

"गॅस बंद कर आणि इकडे ये," मी म्हणाले. "निमिष, ऊठ, तिला जागा दे. आणि पिक्चर पहिल्यापासून लाव."

"अहो ताई, अजून तीस वडे राहिलेत."

"ते मी बघते."

अ‍ॅप्रन बांधून कढईपुढे उभी राहिले. पहिले चार काळे झाले, पुढचे बरे. बाहेर सगळे हसले, मग पडद्यावर कोणीतरी रडायला लागलं, मग संगीत. मला राहवेना.

"अगं, काय झालं? मोलकरीण गेली का?"

"ताई, शू!" निहारिका म्हणाली, मान न वळवता.

वीस वर्षांत माझ्याच घरात मला कोणी गप्प केलं नव्हतं. फार बरं वाटलं. तेलाच्या आवाजाचा तिला त्रास नको, म्हणून मी गॅस बारीक केला.