जावयाची भारचाचणी

आमचे जावई लिफ्ट तपासतात. निम्म्या शहराच्या लिफ्टमध्ये त्यांच्या सहीचा कागद काचेआड लावलेला आहे. माणूस कामात चोख, त्यात वाद नाही. पण नात घरी येऊन अकरा दिवस झाले तरी त्यांनी तिला एकदाही उचललं नव्हतं.

"चाचणी झालेली नाही," म्हणाले.

"कुणाची? पोरीची?"

"माझी. मला कुणी तपासलंय, आई? लिफ्टमध्ये माणूस चढायच्या आधी क्षमतेच्या सव्वापट वजन घालून बघतात."

नात तीन किलो दोनशे ग्रॅमची. सव्वापट म्हणजे बरोबर चार किलो. जावयांनी चार किलो वाळू आणली, उशीच्या अभ्र्यात भरून शिवली आणि ती कडेवर घेऊन घरभर फिरायला लागले. उठबस झाली, जिना झाला, अचानक वाजणारी बेल झाली. वाळूला खांद्यावर घेऊन पाठ थोपटायचे आणि ढेकर यायची वाट बघत थांबायचे. खरी पोर पाळण्यात रडून लाल झाली की मात्र मला हाक. माझ्या लेकीनं काय बघून हे ध्यान पसंत केलं, असं मी रोज मनात म्हणायचे.

लेकीचे टाके अजून ओले होते, तिला वाकता येत नव्हतं. माझी रजा संपत आलेली, शुक्रवारी चारच्या गाडीनं परत जायचं होतं. मी गेल्यावर पोरीला पाळण्यातून उचलणार कोण, हीच काळजी मला लागली.

गुरुवारी तर कहर झाला. दारातून वळताना अभ्र्याची शिवण उसवली आणि वाळू हॉलभर सांडली. जावई पांढरेफटक पडले. आत गेले आणि गळ्यात पाटी अडकवून बाहेर आले: 'दुरुस्तीसाठी बंद'. ती घालूनच त्यांनी दूधवाल्याला दार उघडलं. दूधवाल्यानं पाटी वाचली आणि पिशवी त्यांच्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवली.

"अहो, फाटला तो अभ्रा," मी म्हटलं. "तुमचे हात जागेवर आहेत."

"कारण नंतर शोधायचं असतं, आई. आधी लिफ्ट बंद करायची."

शुक्रवारी दुपारी बॅग भरून झाल्यावर मी जावयांना हॉलच्या मध्यभागी उभं केलं आणि त्यांचा छापील कागद मागून घेतला. पहिला रकाना दोरांचा. मी त्यांचे दोन्ही दंड ओढून पाहिले, 'ठीक' लिहिलं. ब्रेकसाठी त्यांना चालायला लावलं आणि मध्येच थांबा म्हटलं. थांबले. दरवाजा नीट मिटतो का, यासाठी तोंड बंद करायला सांगितलं. तिथे जरा वेळ लागला, कारण मी कसं चुकीचं तपासतेय हे ते समजावत होते. क्षमतेच्या रकान्यात मी 'एक मुलगी' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

"परवाना क्रमांक?" जावई म्हणाले. "त्याशिवाय कागद चालत नाही."

मी एक जुनी तारीख लिहिली.

"ही तर हिची जन्मतारीख."

"त्याच दिवशी मिळाला. मला कुणीच तपासलं नव्हतं. हिला पहिल्यांदा घेतलं तेव्हा हात इतके लटपटत होते, की मी भिंतीला पाठ टेकून उभी राहिले. भीती वाटत होती, दुसरं काय. आजवर कुणाला सांगितलं नाही."

"आई, मला ऐकू येतंय," आतून लेक म्हणाली.

जावयांनी कागद दोनदा वाचला. गळ्यातली पाटी काढून माझ्याकडे दिली. मी ती सरळ बॅगेत टाकली, तिथे राहिली असती तर पुन्हा घातली असती. मग ते पाळण्याशी गेले, वाकले, पोरीला उचललं आणि तसेच पावलापावलानं मागे सरकत भिंतीपर्यंत आले. पाठ टेकवली. हात लटपटत होते. पोर झोपलेलीच होती.

"निघा तुम्ही, आई," ते हळूच म्हणाले. "गाडी चुकेल."