देवळातली डबी

श्वेताला तो दोष पहिल्यापासून ठाऊक होता. जोयडा तालुक्यातल्या वाड्यांवर वायफायची यंत्रं बसवायची आणि ती अडली की रामनगरच्या ऑफिसातून स्कूटर काढून निघायचं, हे तिचं काम. यंत्रांसोबत माहीत असलेल्या दोषांची एक यादी आली होती. तिच्यात सातव्या नंबरला लिहिलं होतं, की दीडेक दिवस सलग चाललं की हे यंत्र फोन जोडून घेईनासं होतं, दिवा मात्र हिरवाच राहतो. तात्पुरता उपाय, बंद करून अर्ध्या मिनिटानं पुन्हा चालू करणे. कायमचा उपाय, नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या डोक्यातली आज्ञावली, जागेवर जाऊन बदलणे.

तात्पुरता उपाय हा मोठा लबाड पाहुणा. चार दिवसांसाठी म्हणून येतो आणि घरजावई होऊन बसतो.

गुंद गावाच्या पुढे जंगलात सावरवाडी आहे. बारा घरं, सगळी एकाच भावकीची. मोबाइलची रेंज दोन कोसांवर, घाटाच्या वळणावर. म्हणून वाडीतून जी काही बातचीत बाहेर जायची ती या एका यंत्रातून. उंच जागा आणि सोलरची वीज फक्त सातेरीदेवीच्या देवळाला, तेव्हा श्वेतानं ते देवळातच, आतल्या खांबावर बसवलं. वाडीनं त्याचं नाव ठेवलं डबी.

देवळात सांजवात लावायचं काम झिलूमामांकडे. श्वेतानं त्यांनाच बटण दाखवलं आणि तीस आकडे मोजायला सांगितलं.

“आकडे मोजायला माझा घोळ होतो, बाय,” मामा म्हणाले. “देवळाला एक फेरी मारली तर चालंल न्हवं?”

श्वेतानं फेरीला लागणारा वेळ मोजून पाहिला. चालण्यासारखा होता. तेव्हापासून रोज तिन्हीसांजेला मामा वात लावायचे, बटण बंद करायचे, एक फेरी मारायचे आणि बटण चालू करायचे. समोरच्याच घरात त्यांची बायको देवकी फोन घेऊन ओट्यावर बसलेली असायची. मामा पायऱ्या उतरायच्या आत तिचा गोव्याला फोन लागलेला असायचा. त्यांची मुलगी नेत्रा फोंड्याजवळ औषधांच्या कारखान्यात होती आणि तिची पाळी त्याच वेळेला सुटायची.

नवं फर्मवेअर पावसाळ्यातच आलं होतं. ते घालताना वीज गेली तर यंत्र कायमचं मरतं आणि ढगांत सोलरची बॅटरी भरत नाही, म्हणून श्वेतानं ते लांबवलं. ते खरंही होतं. मग पाऊस संपला, बॅटरी भरायला लागली, निमित्त संपलं. पण मामांची फेरी इतकी चोख चालली होती, की एका दोषापायी जंगलातली एवढी वाट तुडवणं तिच्या जिवावर यायचं. पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात म्हणता म्हणता मार्गशीर्ष उजाडला.

त्या गुरुवारी बसच्या कंडक्टरनं ऑफिसच्या दारात गाडी थांबवून सांगितलं, “सावरवाडीची देवकीअक्का गेली. आन् तिथं धा-अकरा दिवस झालं, नेटबी न्हाई म्हणत्यात.”

श्वेतानं कंप्युटर उघडला. सावरवाडीपुढं हिरवा ठिपका होता. हा तोच सातवा दोष. बॅग उचलून ती तशीच निघाली.

ती पोचली तेव्हा मामा देवळाबाहेर सावरीच्या मुळावर बसले होते. डोकं भादरलेलं, हातात देवकीचा फोन. पायरीला त्यांचा पायही लागत नव्हता.

“मला आत येता येत न्हाई,” ते म्हणाले. “तू जा. तुला सुतक न्हाई.”

मग तिनं विचारायच्या आधीच त्यांनी सगळं सांगितलं. अणशीला भावकीतला एक म्हातारा वारला आणि बारा घरांना दहा दिवसांचं सुतक आलं. देवीचा दिवा बंद राहायला नको, म्हणून गुंदच्या एका माणसाला सांगितलं. तो भल्या पहाटे, वाडी उठायच्या आत यायचा, वात लावून जायचा. दिव्याची सोय सगळ्यांनी मिळून केली. बटणाची कुणालाच आठवण झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन लागेना. तिसऱ्या दिवशी देवकीला ताप आला. साधाच वाटला. पण ती नेत्राशी बोलायचं म्हणून धरून बसली. आधीच्या फोनवर मायलेकींचं वाजलं होतं. कोनफळं खणायला ये म्हणून आई मागं लागली, रजा नाही म्हणून मुलीनं फोन कापला.

“रोज सांजंला मी पायरीपर्यंत यायचो,” मामा म्हणाले. “बटण हितनं दिसतंय. पाचव्या दिवशी ती म्हणाली, जावा की आत, देवी काय म्हणायची न्हाई. मी म्हटलं, सुतकात कसा जाऊ? सकाळी गुंदचा माणूस यील, त्याला सांगतो. सकाळ काय तिला मिळाली न्हाई. मग बटण कुणासाठी दाबायला सांगू?”

श्वेता आत गेली, डबीला केबल लावली, बॅटरी पाहिली आणि नवं फर्मवेअर चढवायला टाकलं. दिवा नारिंगी झाला. आता बारा मिनिटं हात लावायचा नव्हता. ती बाहेर येऊन पायरीवर बसली. गप्प राहिली असती तर तिला कुणीही विचारलं नसतं, आणि तेच तिला सोसवेना.

“मामा, चूक तुमची न्हाई. ह्या डबीत खोट हाय ते मला आधीपासनं माहीत व्हतं. औषध पाऊसकाळातच आलं व्हतं, माझ्या कंप्युटरात पडून व्हतं. दिवाळीत येऊन घातलं असतं तर बटण दाबायची गरजच ऱ्हायली नसती. तुम्ही रोज फेरी मारताय म्हणून मी आले न्हाई.”

मामा मुळाची साल नखानं खरवडत राहिले.

“मी फेरी मारत व्हतो म्हणून तू आली न्हाईस,” ते शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

“नेत्रा आल्या?” तिनं विचारलं.

“आली. आईला अग्नी दिल्यावर आली. घरात हाय. माझ्याशी बोलत न्हाई, जेवतबी न्हाई. आई रुसूनच गेली, पाच दिवस तिनं मला एक फोन केला न्हाई, एवढंच म्हणती. मी सांगितलं तिला, की आई रोज फोनात बोलायची, मी ऐकलंय. तिला वाटतंय, बाप समजूत घालतोय.”

“फोनात बोलायची म्हंजे?”

“फोन लागना की फोनातलं माइकचं बटण दाबून धरायची न् बोलायची. नेत्रानंच शिकवलेलं.”

श्वेतानं फोन मागून घेतला. मामांनी तो रोज देवळाच्या भिंतीबाहेरच्या सोलरच्या पिनेला लावून जिवंत ठेवला होता. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पडद्यावर नेत्राच्या नावाखाली बोललेल्या निरोपांच्या चार पट्ट्या होत्या. प्रत्येकीपुढं घड्याळाची बारीक खूण, म्हणजे अजून निघालेली नाही. तिनं फोन तसाच मामांच्या हातात परत दिला. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचा तिला अधिकार नव्हता.

आत डबीचा दिवा विझला, दोनदा लुकलुकला आणि हिरवा झाला.

पट्ट्यांपुढली घड्याळं एकेक करून गेली. समोरच्या घरात नेत्राचा फोन वाजला. लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग काही ऐकू आलं नाही. आणि मग कौलाखालच्या अंधाऱ्या माजघरातून देवकीचा आवाज आला, दमदार, थोडा चिडका. नेत्रा, कोनफळं खणली गं. तुझ्या वाट्याची मातीतच ठेवल्यात. ये तवा ये.

मामा उठून उभे राहिले. उभं राहून काय करायचं ते न सुचल्यानं पुन्हा बसले.

“ह्ये काय झालं?” त्यांनी फोन पुढं केला. पहिल्या पट्टीवरची करडी खूण निळी झाली होती.

“तिनं ऐकलं की निळं व्हतंय, मामा.”

दुसरी निळी झाली. तिसरीत देवकी खोकत होती. डोकं दुखतंय, बाकी काय न्हाई, असं म्हणत होती. चौथी बराच वेळ करडीच राहिली. मामा तिच्यावर बोट ठेवून बसले होते. आतून नेत्राच्या रडण्याचा आवाज येत होता.

मग चौथा आवाज आला, अगदी बारीक. बाहेर जेमतेम पोचला.

“नेत्रा, फोन लागना झालाय. तुझा बाबा सुतक म्हणून आत जाईना. देवाला भितोय बिचारा, त्याला काय बोलू नको. मी रुसले न्हाई गं. उद्या लागंल फोन, तवा बोलू.”

मामांनी बोट उचललं. खूण निळी झाली होती.

“ऐकलं तिनं,” ते म्हणाले.

घराच्या दारात नेत्रा येऊन उभी राहिली. केस सुटलेले, फोन छातीशी धरलेला. श्वेताकडं तिनं पाहिलंच नाही. ती अंगण ओलांडून आली आणि सावरीच्या मुळावर बापाला चिकटून बसली.