तांबूच्या नावाचा घास

"घासून घासून माझी नखां झिजली, पण ह्या टोपाचा काळेपण काय जायना. आणि जावन तरी कोणाक दाखवूचा आसा?"

असे पुटपुटत विनोदिनीबाई नारळाची शेंडी माझ्या पोटातून फिरवतात, मला नळाखाली धरतात आणि सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, भिंतीलगत आणून ठेवतात. त्या माझ्याशी बोलतात असे नाही. त्या नुसत्या बोलतात. मी तेवढा जवळ असतो.

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा टोप आहे. जर्मन म्हटले म्हणून मी बोटीतून आलो असे समजू नका. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात, का म्हणतात ते मला ठाऊक नाही. माझा जन्म बेळगावकडच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती, वरून एक दणका, की झाला टोप. बालपण वगैरे आमच्यात नसते. एकात एक बसून आम्ही सगळे भाऊ म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आलो आणि तिथून जे पांगलो ते पांगलो. पुढे मला माझा एकही भाऊ भेटला नाही.

मला घेतले कृष्णनाथांनी. डिचोलीच्या खाणीवर ते ट्रक चालवायचे. नुकते लग्न झालेले, घरात भांडी बेताची. त्यामुळे माझ्या वाट्याला लगेच मानाचे काम आले. उकड्या तांदळाची पेज माझ्यात शिजू लागली. सकाळी चुलीवर चढायचे, रटरटायचे आणि दहाच्या सुमारास खाली उतरायचे. सोबतीला भाजलेली सुंगटे, म्हणजे सुकी कोळंबी, नाहीतर खारातली कैरी. कृष्णनाथ फुंकर घालत म्हणायचे, "ह्या टोपातल्या पेजेची चव दुसऱ्या टोपाक नाय."

"तर काय," विनोदिनीबाई म्हणायच्या, "रांदता तो टोपच. मी नुसती बसून आसतंय."

असे कौतुक बरीच वर्षे चालले. त्यांचा मुलगा प्रज्योत याच पेजेवर वाढला. मग खाणी बंद पडल्या. शेवटच्या दिवशी कृष्णनाथ घरी आले ते काखेत कुत्र्याचे एक पिल्लू घेऊन. ट्रकांच्या सावलीत जन्मलेले, नाकापासून शेपटीपर्यंत खनिजाच्या मातीने लालभडक झालेले.

"हो कोण?" विनोदिनीबाईंनी विचारले.

"कंपनीन दिल्लो फंड," कृष्णनाथ म्हणाले.

त्याचे नाव तिथल्या तिथे तांबू पडले. दुसऱ्या दिवशी विनोदिनीबाईंनी त्याला न्हाणीत नेऊन चोळचोळून आंघोळ घातली, तेव्हा लाल पाणी वाहून गेले आणि आतून चक्क पांढरा कुत्रा निघाला. पण एकदा पडलेले नाव कोण बदलतो? पांढराशुभ्र तांबू वाडीभर हिंडू लागला.

त्याच सुमारास घरात गॅस आला. चुलीवर राहून माझे बूड गोल झाले होते. शेगडीवर मी डुलायचो. एक कानही तुटला होता. विनोदिनीबाईंनी मला उचलले आणि सोप्यावर तांबूपुढे ठेवले. स्वयंपाकघरातून सोप्यावर म्हणजे लोकांच्या हिशेबी पडती. मलाही पहिले काही दिवस अपमान वाटला. माणसाची पेज शिजवलेल्या टोपाने कुत्र्यापुढे पडावे? पण मित्रांनो, खरे सांगतो, जेवणाऱ्याने इतक्या मनापासून माझा तळ कधी चाटला नव्हता. पेज संपली तरी तांबू थांबायचा नाही. नाकाने ढकलत ढकलत तो मला साऱ्या सोप्यावर फिरवायचा, खर्र खर्र करत, आणि मी भिंतीवर आपटलो की मगच शेपूट हलवत बाजूला व्हायचा. आत विनोदिनीबाई म्हणायच्या, "झालो जेवून."

त्यांनी त्याला नीट सांभाळले. पावसाळ्यात गोचिडी झाल्या की त्याला पायाशी घेऊन एकेक वेचायच्या. जंताची गोळी तो थुंकायचा, तेव्हा ती पावाच्या गाभ्यात दडवायच्या. लसवाले जाळी घेऊन वाडीत शिरले की बाकीचे कुत्रे कुळागरात, पोफळीच्या बागेत, पळायचे. तांबूला मात्र बाई स्वतः पदराखाली धरून पुढे आणायच्या आणि सुई टोचताना तोंड त्याच फिरवायच्या. बांगड्याचे डोके त्याचे, शेपूट मांजराची, असा घरचा कायदा होता.

कृष्णनाथ एका उन्हाळ्यात गेले. प्रज्योत तेव्हा वास्कोला बंदरात नोकरीला लागलेला, सेजलशी लग्न होऊन तिथेच फ्लॅटमध्ये राहिलेला. बारावे झाल्यावर तो म्हणाला, "आई, चल."

विनोदिनीबाईंना इतक्यात घर सोडवेना. तसे सांगायचे तर रडू आले असते, म्हणून त्या म्हणाल्या, "तांबूक कोण बघतलो?" प्रज्योतच्या इमारतीत कुत्रे चालत नव्हते.

ते वाक्य त्यांनी चार दिवसांची सवड मागायला म्हटले होते. प्रज्योतने ते उचलले ते कायमचे. पुढच्या वर्षी गणपतीच्या चवथीला आला तेव्हा निघताना तोच म्हणाला, "तुका न्हेली आसती गे आई, पण तांबूचा काय?" त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. विनोदिनीबाई हसून मान हलवायच्या.

मधे एकदा त्या वास्कोला आठ दिवस राहून आल्या. तांबूला तेवढे दिवस शेजारच्या आनंदीने पेज घातली. परत आल्यावर आनंदीने विचारले, "कशी आसा वयनी, सून?"

"वाईट नाय गे. मी घासलेली भांडी ती परत घासता. तितक्याच."

आनंदीला समजले. मला तर, भांडेच असल्यामुळे, जरा जास्तच समजले.

प्रज्योतचा फोन रोज दिवेलागणीला यायचा. विनोदिनीबाईंना कमी ऐकू येते, म्हणून फोन मोठा करून त्या सोप्यावर बसायच्या. पहिला प्रश्न ठरलेला, "तांबू जेवलो?" मागून माझी खर्र खर्र ऐकू गेली की तो म्हणायचा, "आयकलंय, आयकलंय." मग हवापाणी, मग कामाची घाई, मग "बरां, दवरतंय." वाईट मुलगा नव्हता. रोज फोन करणारी मुले वाडीत दुसरी नव्हती. पण आईची चौकशी त्याला जरा अवघड जात असावी. कुत्र्याची सोपी जायची.

तांबू म्हातारा झाला. डोळ्यांवर निळी साय आली, दात पडले. विनोदिनीबाई दारावर येणाऱ्या पोदेराकडून, पाववाल्याकडून, दोन पाव घ्यायच्या, एक स्वतःला, एक चहात भिजवून त्याला. शिमग्याच्या आधी एका सकाळी त्याने हनुवटी माझ्या काठावर टेकली आणि पेज तशीच ठेवली. दुपारपर्यंत तो तिथेच होता. मी कोमट होतो, त्याला ऊब मिळत असेल. मग मी गार झालो, आणि तोही.

मागच्या खोपीत मारुती भाड्याने राहतो. कोल्हापूरकडचा, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला, बायकोपोरे गावी. त्याने काजूच्या झाडाखाली खड्डा खणला आणि वर धोंडे रचले. आनंदीने एक जास्वंद ठेवली, ती अजून अधूनमधून ठेवते. विनोदिनीबाई म्हणाल्या, "म्हातारो झाल्लो," आणि मला विसळायला घेऊन गेल्या.

दिवेलागणीला फोन आला. "तांबू जेवलो?"

विनोदिनीबाईंनी तोंड उघडले. मग मिटले. तिकडून प्रज्योत "आई? आई?" करू लागला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले, पाय पुढे केला आणि अंगठ्याने मला हळूच ढकलले. खर्र.

"हां, आयकलंय," तिकडून आवाज आला. त्यात केवढे हायसे होते.

मित्रांनो, जन्मभर मी टोप होतो. त्या संध्याकाळपासून कुत्राही झालो.

आनंदीने दुसऱ्या दिवशी विषय काढला. "वयनी, सांग तेका. मेलेलो कुत्रो किती दिवस जेवतलो?"

विनोदिनीबाई तांदूळ निवडत होत्या. "सांगलंय तर तेका म्हणूक होया, आई आता तू यो. म्हणालो तर तेचा घर बिघडतला. नाय म्हणालो तर..." पुढचे त्यांनी सुपातल्या खड्याबरोबर बाहेर फेकले. आनंदीने सूप आपल्याकडे ओढून खडे वेचायला घेतले.

तेव्हापासून रोज तांबूच्या नावाचा घास शिजतो आणि माझ्यात पडतो. कावळे येतात, आनंदीच्या कोंबड्या येतात. मारुती रविवारी कोंबडीची हाडे कागदात बांधून आणायचा, तशी अजून आणतो. पहिल्या रविवारी आणून तो दारात अवघडून उभा राहिला.

"मावशी, हाडकं आणल्यात."

"कोणाक रे?"

"असू द्यात की. टोपात टाकतो."

पोदेराकडून पाव अजून दोनच येतात. विनोदिनीबाई एक चहात बुडवतात आणि मग तो हातात धरून बसतात. आत टीव्ही चालू असतो, त्याच्यासमोर कोणी नसते. कधीकधी त्या माझ्याशेजारी, सोप्याच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसतात. रस्त्याने कोणी गेले तर विचारतात, "बाजारातसून इलंस?" बाजाराचा वार नसला तरी.

मित्रांनो, तुमच्या घरी कुत्रा असेल तर त्याला वेळेवर जेवू घाला. त्याचे भांडे रोज घासा, पाणी ताजे ठेवा, लस चुकवू नका. म्हातारा झाला की त्याला मऊ घास द्या आणि अंगणात सोडून देऊ नका. हे सगळे तुम्हाला शाळेत सांगतात. मी टोप असल्यामुळे आणखी एक सांगतो. कुत्रा जेवला का हे विचाराल, तेव्हा त्याला वाढणाऱ्या हाताचीही चौकशी करा. तो हात आपणहून काही सांगत नाही. नुसता वाढत राहतो.

मग यंदाची चवथ आली. आदल्या दिवशी प्रज्योत आणि सेजल गाडीतून उतरले. प्रज्योत लगेच शिडीवर चढून गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधू लागला. सुपारीचे घोस, कांगले, तोरिंजन, एकेक विनोदिनीबाई खालून देत होत्या.

"तांबू खय गे?" वरून प्रश्न आला.

"भादवो न्हय रे? ह्या दिसांनी कुत्रे घरात रवतत?"

"ह्या वयात?"

नारळ द्यायला आलेली आनंदी दारातून म्हणाली, "वय माणसांक आसता, बाबा. कुत्र्यांक भादवोच आसता."

सगळे हसले. प्रज्योतही हसला आणि त्याने पुढचा घोस मागितला.

सकाळी सेजल सोप्यावर आली. रात्रीची पेज माझ्यात तशीच होती. घरात माणसे असल्याने कावळे फिरकले नव्हते. तिने मला उचलून पाहिले. कुंपणापलीकडे आनंदी फुले काढत होती.

"आनंदीवयनी, ह्या टोपाला कोणी तोंड लावलेलं नाही."

"मुंगयो लायतत," आनंदी म्हणाली आणि विहिरीकडे बघू लागली.

सेजलने मला नळावर नेले, पेज माडाच्या आळ्यात ओतली आणि मला घासले. एकदा घासून झाल्यावर पुन्हा घासले. माझा काळेपणा तिच्याच्यानेही गेला नाही. मग तिने मला पुसून होतो तिथेच ठेवले. दारात विनोदिनीबाई उभ्या होत्या. दोघींची नजर भेटली. "आई, पातोळ्यांचं पीठ कुठे ठेवलंय?" सेजलने विचारले, आणि दोघी आत गेल्या.

दीड दिवसाचा गणपती तळीवर पोचवून झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीत पिशव्या भरल्या गेल्या. विनोदिनीबाईंनी सणाचा म्हणून माझ्यातही एक पातोळी आदल्या संध्याकाळीच ठेवली होती. हळदीच्या पानाला मुंग्यांची रांग लागली होती.

प्रज्योत बुटांच्या नाड्या बांधायला सोप्यावर बसला. त्याचा गुडघा मला लागत होता. त्याने मुंग्या पाहिल्या. मग मान वर करून अंगणाकडे पाहिले, काजूच्या झाडाखालचे धोंडे पाहिले, त्यांच्यावरची सुकलेली जास्वंद पाहिली. पुष्कळ वेळ पाहिले. बांधलेली नाडी त्याने सोडली आणि पुन्हा बांधली. मी त्याच्या इतका जवळ होतो की त्याचा श्वास माझ्यावर पडत होता. त्याला समजले होते, मित्रांनो. त्याला सगळे समजले होते.

तो उठला, पँट झटकली आणि आईकडे न बघता म्हणाला, "तुका न्हेली आसती गे आई, पण तांबूचा काय?"

कुंपणापलीकडे आनंदीची केरसुणी थांबली. सेजल गाडीचे दार धरून उभी होती. तिने ते उघडलेही नाही आणि सोडलेही नाही.

यंदा विनोदिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी प्रज्योतच्या सदऱ्याची दुमडलेली कॉलर सारखी केली आणि हात तिथेच ठेवला.

"तांबू शिमग्याआधी गेलो रे. तुका ठावक आसा, तिका ठावक आसा. तू माका न्हे म्हणान मी सांगीत नाय. पण माका हांगा एकटीक गमत नाय."