ओढ्यापल्याडचं खाचर

कोंडाजी एकदा बोलला की बोलला, असं गावात सगळे म्हणत. हा गुण आहे की खोड, याचा विचार त्या सालापर्यंत कुणी केला नव्हता.

आमचं गाव खालसातलं, म्हणजे इंग्रज सरकारच्या मुलखातलं. गावाखाली ओढा आणि ओढ्यापलीकडे संस्थान. ओढा इतका अरुंद की अलीकडची बाई भांडायला उभी राहिली तर पलीकडची घरात बसून उत्तर देई. मुली इकडून तिकडे दिलेल्या, तिकडून इकडे आणलेल्या. भाताच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, दोन्हीकडची सावड असायची. आज सगळ्यांनी तुमच्या खाचरात राबायचं, उद्या माझ्या, आणि ज्याचं खाचर त्यानं जेवायला घालायचं. राजा कुणाचा कोण, हे तिथे कुणी विचारत नसे.

मग खालसात निवडणुका झाल्या, लोणावळ्यात सभा भरू लागल्या आणि ते वारं आपल्या प्रजेला लागेल म्हणून संस्थानच्या दिवाणांना घाम फुटला. त्यांनी हुकूम काढला की खालसातल्या माणसाला परवान्याशिवाय आत घ्यायचं नाही. ओढ्याच्या उतारावर चौकी बसली आणि चौकीत हौशीराम नावाचा शिपाई.

आमच्या गावालाही मान होताच. महिपती पाटलानं चावडीवर माणसं बोलावली, पण तिथं सगळ्यात मोठा आवाज कोंडाजीचा.

“त्यांचा तांदूळ घ्यायचा न्हाई, कोळसा घ्यायचा न्हाई. वडगावच्या बाजारात बी गिऱ्हाईक लागू द्यायचं न्हाई. त्यांना काय द्यायचं न्हाई, त्यांचं काय खायचं न्हाई. जो मोडंल त्याच्या सावडीला कुनी जायचं न्हाई!”

शपथेचा पहिला भंडारा त्यानंच उचलला. मग बाकीच्यांनी. दिवाणांना हा बहिष्कार कळला की नाही देव जाणे. पलीकडच्या कोळसेवाल्यांना मात्र दुसऱ्याच दिवशी कळला.

कोंडाजीची धाकटी बहीण बयाबाई पलीकडे दिलेली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ओढ्याला लागून असलेलं एक लांबट खाचर आणि त्याच्या वरच्या बांधाशी घर, एवढंच तिचं. एक साल जरी ते पडीक राहिलं, तर त्यात नांगर घालायला दीर टपलेलेच होते. तिच्या बाजूला उन्हाची जागा नाही, म्हणून भाताच्या रोपाची दाढ, म्हणजे रोप वाढवायचा वाफा, ती दरसाल भावाच्या वरकस रानात करी. उन्हाळ्यात त्यावर पालापाचोळ्याचा राब भाजायलाही तीच येई.

चौकी बसल्यावर पहिल्यांदाच, एका सकाळी रोप बघायला ती अलीकडे आली. परत निघाली तर उतारावर हौशीराम आडवा.

“परवाना?”

“कसला? त्ये बग, माजं घर. दाराला नुसती कडी लावून आलेय.”

“जल्म कुटला तुमचा?”

“ह्या हितला. ह्याच गावातला.”

“मंग तुमी खालसातल्या. मला वर जाब द्यावा लागतो, मावशी.”

“आन् लगीन कुटं झालं, नांदले कुटं, त्ये न्हाई इचारत?”

नाही विचारलं. तसा हुकूम नव्हता.

ती भावाच्या घरी आली. कोंडाजी म्हणाला, “ऱ्हा की हितं. भावाचं घर हाय.” अगदी मनापासून म्हणाला, आणि तिथेच चुकला. बहिणीला निवारा मिळाला म्हणजे काम झालं, असं त्याला वाटलं. बयाबाई रोज ओढ्यावर जाऊन आपलं खाचर बघून येई. पाणी भरलेलं, चिखल तयार, आणि रिकामं.

“दादा, रोप जून व्हाया लागलंय.”

“जरा दम धर. नमवतो बग त्यांना.”

“त्यांना नमवशील रं. रोपाला कोन थांब म्हननार?”

कोंडाजीची बायको नंदाबाई चुलीशी बसून ऐकत होती. त्या दिवशी कोंडाजीच्या कालवणात मीठ नव्हतं, आणि त्यानं मागितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो वरकस रानात गेला तर नणंद-भावजय रोप उपटून जुड्या बांधत होत्या. तो उभा राहिला. ओरडा त्याच्या तोंडापर्यंत आलाच होता. मग तो खाली बसला आणि रोप उपटू लागला.

“मी काय देत न्हाई कुनाला,” तो मोठ्यानं म्हणाला. “तिचं तिला चाललंय.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर हसू आलं असतं.

चौकीत हौशीरामाचा चहा उकळत होता. बयाबाई उतार सोडून वरच्या अंगानं ओढ्यात शिरली आणि थेट खाचरात चढली. नंदाबाईनं काठावरूनच जुड्या भिरकावल्या. बयाबाई वाकली आणि पाण्याकडच्या कडेपासून रोप लावत मागं सरकू लागली. भात असंच लावतात. तिचं तोंड माहेराकडे होतं, पाठ आपल्या घराकडे. शेजारच्या खाचरातल्या चिमाबाईनं हे पाहिलं, पदर खोचला आणि आपल्या बायका घेऊन तिच्या ओळीला येऊन लागली.

हौशीराम धावत आला तेव्हा त्याच्या आणि बयाबाईच्या मधे कोवळ्या रोपांचा चांगला पट्टा उभा होता.

“मावशी, भाईर या!”

“तूच ये की आत.”

त्यानं पाय उचलला आणि तसाच परत ठेवला. तोही भाताच्याच मुलखातला. नुकत्या लावलेल्या रोपावर पाय दिला म्हणून बापाचा मार त्यानंही खाल्लेला असणार. बांधावरून वळसा घालून मागं पोचला असता, तरी बायकांच्या ओळीतून तिला ओढून काढताना रोप तुडवलंच गेलं असतं. तो काठावर उभा राहिला. बायका मागं सरकत राहिल्या. अखेर बयाबाईची पाठ वरच्या बांधाला टेकली, तशी ती उठली, कडी काढली आणि घरात गेली. घरात असलेल्याला बाहेर काढायचा हुकूम हौशीरामाकडे नव्हता.

गावात हे लपणार थोडंच! महिपती पाटील कोंडाजीला म्हणाला, “सबूद तुजाच हाय, कोंडाजी.” कोंडाजीनं मान खाली घातली. शब्द त्याचाच होता.

त्याच्या आवणीला कुणी आलं नाही. सगळ्या सावडीचं काम नवरा-बायको दोघांनी सुरू केलं. पलीकडे आपल्या बांधावर बयाबाई उभी होती. भावाचं फेडायला तिचे हात शिवशिवत होते, पण ओढा ओलांडला की परत घर नाही. ती रडत होती, आणि ते लपवतही नव्हती.

दुपार कलली. दोघं मागं सरकत सरकत ओढ्याच्या काठाशी आली. स्वयंपाकाला वेळच झाला नव्हता. तेवढ्यात पलीकडून एक फडकं नंदाबाईच्या पायाशी येऊन पडलं. आत तांदळाच्या भाकऱ्या आणि ठेचा.

कोंडाजीनं वर पाहिलं. गाडीवाटेवर महिपती पाटील चार माणसांसह उभा होता.

कोंडाजी बांधावर बसला. हातांचा चिखल ओढ्यात धुतला, भाकरी मोडली, अर्धी बायकोला दिली आणि घास चावून गिळला.

“बये,” तो दोन्ही मुलखांत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, “मीठ बराबर हाय!”