फळीवर नसलेली जागा

गर्वाचं घर खाली, असं म्हणतात. तेओलिंदा मुरायारीच्या गर्वाला तर एक सोडून एकेचाळीस घरं होती, आणि ती सगळी तिनं तापलेल्या खिळ्यानं एका रुंद फळीवर स्वतःच्या हातानं कोरली होती. मधून वाहणारा ओढा, खालच्या अंगाला नापो नदी, शाळा, चर्च, फुटबॉलचं मैदान, सगळं जागच्या जागी. सान अन्सेल्मो गावाच्या आरोग्याचं काम ती नऊ वर्षं बघत होती. पगार नाही, मिळाली ती एक निळी टोपी आणि सुयांचं खोकं. कुणाला हुडहुडी भरून ताप आला की ती बोट टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायची आणि काच बोटीनं दोन तासांवरच्या दवाखान्यात पाठवायची. तिकडून 'मलेरिया' असा निरोप आला की रुग्णाला गोळ्या सुरू, आणि फळीवर त्याच्या घराला वायरुरोची एक बी. गुंजेसारखी लाल, एका गालावर काळी बी, झाडाच्या डिंकानं चिकटवलेली.

"दृष्ट लागू नये म्हणून पोरांच्या मनगटात बांधायची बी," बायका हसायच्या, "आणि ही बाई ती तापाला बांधते!"

तेओलिंदा हसण्यावारी न्यायची. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी फळीचा फोटो काढून नेला होता, मग गावच्या बायका काय का म्हणेनात.

या वर्षी मात्र बियांनी फळीवर जत्रा भरवली. सहा महिन्यांत चौतीस. त्यातल्या अकरा एकाच घरावर, गावाच्या पार टोकाला, ओढ्याच्या बाजूला. ते घर ओर्फेलिना तामानीचं. बाकीच्या बिया इथे एक, तिथे दोन, अशा गावभर विखुरलेल्या.

ओर्फेलिना मूळची इथली नव्हे. वरच्या अंगाला तिचं गाव होतं. दोन वर्षांपूर्वी नदीनं तिथला काठ शेतासकट गिळला, तेव्हा ती, तिचा भाऊ, भावजय आणि दोघांची मिळून पाच पोरं एका जुन्या होडीतून इथे उतरली. जमीन नाही, म्हणून ती माणसं लोकांची फारिन्या भाजून द्यायची. कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, पाण्यात भिजत घालायचा, चार दिवसांनी मऊ झाला की सोलायचा, पिळायचा, चाळायचा, आणि भट्टीवरच्या मोठ्या लोखंडी परातीत त्याच्या कण्या कडक होईपर्यंत हलवत राहायचं. पाठ मोडणारं काम. दहा पोत्यांमागे एक पोतं ओर्फेलिनाला. गाव खुशीत होतं. वर्षभराची फारिन्या बसल्या जागी मिळत असेल तर कोण नको म्हणतं?

पण जूनमध्ये गावचा मुखिया आर्सेनियो कानायो याच्या नातीला ताप चढला आणि झटके आले. नायेली चार वर्षांची. म्हाताऱ्यानं तिला मांडीवर आडवी धरून दोन तास बोट हाणली. पोर वाचली, पण त्या दोन तासांत आर्सेनियोच्या आत काहीतरी करपलं. तो रोज सभेच्या माडीत येऊन फळीपुढे उभा राहायला लागला. एक दिवस त्यानं ओर्फेलिनाच्या घरावर बोट ठेवलं.

"ताप इथे राहतो. इथूनच सगळीकडे जातो. ही माणसं यायच्या आधी एवढा ताप होता का आपल्याकडे?"

"नव्हता, काका. पण त्याचा अर्थ..."

"तुझी फळी खोटं बोलते का, तेओलिंदा?"

"फळी खोटं कशाला बोलेल?"

"मग झालं तर. रविवारी सभा. त्यांना म्हणावं, दुसरा काठ बघा."

जी तेओलिंदानं इतकी वर्षं मिरवली, तीच फळी आता साक्षीला उभी राहिली होती, आणि तीही उलट्या बाजूनं.

शुक्रवारी दुपारी ती सुयांचं खोकं घेऊन ओर्फेलिनाकडे गेली. बातमी तिच्या आधी पोचली होती. भावजय मडकी गवतात गुंडाळत होती. होडीत कोंबड्यांची टोपली चढली होती.

"या ताई," ओर्फेलिना म्हणाली. "अजून बिया आणल्यात? तुमच्या फळीवर आमचं छप्पर झाकलं गेलंय म्हणे. बरं झालं, पाऊस गळणार नाही."

"मी तुम्हाला घालवायला आले नाही गं."

"तुम्ही कशाला घालवाल? तुमची फळी घालवते."

हे मात्र तेओलिंदाला झोंबलं. आणि झोंबलं की ती समोरच्यावर खेकसते, ही तिची जुनी खोड. तिची नजर आढ्याला टांगलेल्या मच्छरदाण्यांवर गेली. आठ महिन्यांपूर्वी तिनंच वाटलेल्या, औषध लावलेल्या. पांढऱ्याशुभ्र! इतर घरांत त्या धुरानं आणि पोरांच्या हातांनी केव्हाच काळवंडल्या होत्या.

"वापरल्याच नाहीत तुम्ही या! मी काय शोभेला दिल्या होत्या? आणि वर मलाच टोमणे मारतेस!"

"वापरायला घरी झोपायला नको?" ओर्फेलिनाही काही कमी नव्हती. "गेल्या महिन्यात सहा रात्री निजलो असू इथे. आधी तुमची फारिन्या, मग मुखियाची, मग मास्तरांची, मग पाद्रीबाबांची. आमचं बिऱ्हाड तिकडे भट्टीवरच असतं ताई. पोरंसुद्धा."

"मग तिकडे न्यायच्या मच्छरदाण्या."

"कशाला? तिकडे धूर असतो की. धुरात डास टिकत नाही. सभेत तुम्हीच तर सांगितलं होतं."

तेओलिंदाला आठवलं. सांगितलं होतं. आई सांगायची, आजी सांगायची, म्हणून टोपी घालून तिनंही सांगितलं होतं. आणि फक्त ओर्फेलिनाला नाही, सगळ्या गावाला. आपल्या फारिन्याची पाळी आली की प्रत्येक घर दोन-चार दिवस कसावा सोलायला भट्टीवर मुक्कामाला जायचं, आणि मच्छरदाणी मात्र घरी ठेवून जायचं.

"तुझी होडी आज सुटणार नाही ना?" तिनं विचारलं.

"रविवारपर्यंत थांबतोय. हाकलल्याशिवाय जायची आमची रीत नाही."

"मग चल माझ्याबरोबर. भट्टीवर."

भट्टी ओढ्यापलीकडे, गावापासून पंधरा मिनिटांवर होती. वर गवताचं छप्पर, खाली मातीची चूल, तिच्यावर परात. आणि वीस पावलांवर तळं. पूर्वी बायका कसावा नदीकाठी जुन्या होड्यांमध्ये भिजवायच्या आणि ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन चढ चढायच्या. दोन वर्षांपूर्वी तेओलिंदानंच पुढाकार घेऊन ओढा अडवला होता. त्यासाठी तिनं मिंगा बोलावली. मिंगा म्हणजे सगळं गाव कामाला, आणि बोलावणाऱ्यानं सगळ्यांना पोटभर जेवण आणि कसाव्याची आंबूस मसातो पाजायची. तीन हंडे मसातो संपली, पण बंधारा झाला. बायकांनी दुवा दिला. साठलेल्या पाण्याला अजून 'तेओलिंदाचं तळं' म्हणत.

ऊन उतरलं होतं. सावलीतलं पाणी स्वच्छ आणि निवांत. तेओलिंदानं काठावरून पांढऱ्या वाडग्यात पाणी घेतलं. वाडग्यात बारीक अळ्या होत्या, पाण्याच्या वरच्या थरात आडव्या पडलेल्या. हे तिला शिकवलं होतं: डोकं खाली करून लोंबते ती दुसऱ्या डासाची, आडवी पडते ती मलेरियाच्या डासाची. तिनं दुसरा वाडगा घेतला, तिसरा घेतला. सगळ्यांत आडव्याच.

"सोलायला कुठे बसता?"

"इथेच, ओंडक्यावर. संध्याकाळी. दिवसा ऊन मारतं."

तेओलिंदा त्या ओंडक्यावर बसली आणि तिनं पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

"ताई, वेडबिड लागलं का? उद्या तुमच्याच घराला बी लागेल!"

"लागू दे. मोज तू."

अंधारून येईपर्यंत दोघी बसल्या. पायावर बसलेला प्रत्येक डास तेओलिंदा काचेच्या बरणीखाली धरत होती आणि ओर्फेलिना मोजत होती. सतरा. मग चुलीत जाळ करून तितकाच वेळ त्या चुलीपाशी बसल्या. दोन. धूर खोटा नव्हता. तो चुलीपाशीच थांबत होता, तळ्यापर्यंत पोचत नव्हता, एवढंच. परतताना तेओलिंदा रडली. तिला लाज वाटत होती, आणि ती तिनं लपवली नाही.

"माझं तळं गं. माझं तळं, माझा धूर आणि माझी फळी. आणि ठपका तुमच्यावर."

ओर्फेलिनानं तिच्या हातातली बरणी घेतली. "रडायचं ते रविवारी सगळ्यांसमोर रडा. इथे मला एकटीला दाखवून काय फायदा?"

रविवारी प्रार्थना संपल्यावर माडी गच्च भरली. ओर्फेलिनाची माणसं दाराशी उभी होती, आत कुणी बसा म्हणालं नाही. आर्सेनियोनं टोपी काढली, घसा खाकरला आणि फळीकडे हात केला. "मी काही बोलत नाही. हिला विचारा."

तेओलिंदा उठली. तिनं कमरेची सुरी काढली आणि फळीवरची एकेक बी खरवडून काढायला सुरुवात केली.

"अगं, काय करतेस!" मास्तर ओरडले. "पुरावा आहे तो!"

"पुरावाच नीट लावतेय. ज्याची त्यानं घ्या." तिनं ज्याची बी त्याच्या तळहातावर ठेवली, पोरांच्या बिया त्यांच्या घरच्यांच्या. ओर्फेलिनाच्या अकरा दाराशी नेऊन दिल्या. मग कोळशानं फळीच्या कोपऱ्यात, ओढ्यापलीकडे, जिथे आजवर काहीच कोरलेलं नव्हतं तिथे एक चौकोन काढला. "ही भट्टी. मी घरं कोरली, शाळा कोरली, ही कोरायची राहिली. इथे कुणी राहत नाही, म्हणून. आता एकच सांगा. ताप यायच्या साधारण दोन आठवडे आधी, दिवेलागणीला कुठे होतात? जिथे होतात तिथे बी ठेवा."

पहिल्यांदा मास्तर उठले, कारण गप्प बसणं त्यांना जमत नसे. "मी घरीच... नाही, थांबा. सुट्टी होती. फारिन्याची पाळी होती माझी." बी चौकोनात गेली.

"मी मासेमारीला," एक जण म्हणाला.

"कसली मासेमारी!" त्याची बायको मागून ओरडली. "भट्टीवर मसातो ढोसत पडला होतास तीन दिवस!"

माडी हसली. हसतहसत बी चौकोनात गेली. नंतर हसणं कमी होत गेलं. दोघं लाकूडतोडे होते, त्यांनी आपल्या बिया फळीबाहेर, रानाच्या बाजूला ठेवल्या. आणखी तीन बिया घरांवरच राहिल्या. बाकी सगळ्या ओढ्यापलीकडे. शेवटी ओर्फेलिना आत आली आणि अकराच्या अकरा तिनं एकदम चौकोनात ओतल्या. मावेनात.

आर्सेनियोच्या हातात नायेलीची बी होती.

"तिला मीच नेली होती," तो म्हणाला. "गरम फारिन्या खायची म्हणून हट्ट धरून बसली. पोत्यांवर निजवली होती तिला, तळ्याच्या बाजूला. म्हटलं, वारा लागेल." त्यानं बी ठेवली.

कुणीतरी मागून पुटपुटलं, "पण तळं बांधलं कुणी?"

"मी," तेओलिंदा म्हणाली. "धुरात डास टिकत नाही हेही मीच सांगितलं. ही माणसं आपल्या सगळ्यांची फारिन्या भाजतात, म्हणून आपल्या सगळ्यांचा ताप यांनी सोसला. आपण दोन दिवस जातो, एक बी मिळते. ही माणसं महिनाभर तिथे असतात. मला बोल लावायचा तर लावा. उद्या बंधारा फोडायला मी मिंगा बोलावतेय. मसातो माझ्याकडून."

"चार हंडे!" मासेमारीवाला म्हणाला.

"तू घरीच बस," त्याची बायको म्हणाली.

सोमवारी सगळं गाव कुदळी घेऊन आलं. बांधायला दोन दिवस लागलेला बंधारा दुपारच्या आत फुटला आणि ओढा गढूळ होऊन, खळखळत नदीकडे पळाला. भट्टीच्या छपराखाली पोरांनी मच्छरदाण्या ताणल्या. पुढच्या दोन महिन्यांत तेओलिंदानं फळीवर तीनच बिया चिकटवल्या, पण ते नंतरचं. त्या दिवशी वेगळाच प्रश्न उभा राहिला: पाद्रीबाबांचा कसावा उपटून आला होता, आणि तो भिजवायचा कशात? नदीकाठच्या जुन्या होड्या तळं झाल्यावर लोकांनी सरपणात घातल्या होत्या.

ओर्फेलिना धक्क्यावर गेली. तिनं आपल्या होडीतून कोंबड्यांची टोपली उतरवली, मडकी उतरवली, गाठोडी उतरवली, आणि भावाला हाक मारून होडी काठावर ओढून घेतली. मग कसाव्याची पहिली टोपली तिनं होडीत रिकामी केली.

आर्सेनियो पुढे आला. त्याला माफी मागायची होती, पण त्या माणसाला ती कधी जमली नव्हती.

"अगं, होडी कसाव्याला दिलीस," तो म्हणाला, "मग जायची वेळ आली तर जाल कशातून?"

"तेच तर, काका," ओर्फेलिना हात पुसत म्हणाली. "आता आम्हाला घालवायचं असेल, तर आधी नवी होडी करून द्यावी लागेल."

म्हातारा वाकला, त्यानं दुसरी टोपली उचलून होडीत ओतली, आणि नायेलीला हाक मारून पाण्याची बादली आणायला सांगितली.